‘एकिनॉक्स इन्फिनिटी’ : उलट बाजू नसलेली चादर

सोलापुरी चादर घेणारा जाणकार माणूस दुकानात चादर हाती आली की आधी ती उलटी करून पाहतो. दुहेरी विणीच्या जॅकार्ड चादरीत वरच्या बाजूला गडद रंगावर फिकी नक्षी असेल, तर खालच्या बाजूला तीच नक्षी फिक्या रंगावर गडद होऊन उतरलेली असते. दोन्ही बाजू सारख्याच सफाईच्या असतात आणि कोणती वर ठेवायची हे अंथरणाऱ्याने ठरवायचे असते. नक्षी कापडावर नंतर छापलेली असेल, तर मागून पाहताक्षणी ते उघड होते. जाँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकारांचा ‘एकिनॉक्स इन्फिनिटी’ हा नवा अल्बम नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी तो कधी हेडफोनवर, कधी घरच्या जुन्या स्पीकरवर, कधी पहाटे तर कधी रात्री दिवे मालवून, निदान पंचवीस वेळा ऐकला असेल. प्रत्येक वेळी मी तो उलटून पाहण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी मागच्या बाजूने कोरे कापडच हाती लागले. ज्यांचे संगीत तीस वर्षे जीव लावून ऐकले त्यांच्याविषयी असे लिहावे लागते आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

या दुःखाचे कारण समजावे म्हणून थोडे मागे जातो. १९८८ सालच्या दिवाळीत, पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा माझा आतेभाऊ सोलापूरला आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन कॅसेट होत्या : ‘ऑक्सिजेन’ आणि ‘एकिनॉक्स’. पहिला अल्बम १९७६ चा, दुसरा १९७८ चा. म्हणजे आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर दोन्हींना दहा वर्षे होऊन गेली होती. त्या वेळी माझे वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चादर कारखान्यात जॅकार्डची कार्डे पाडण्याचे काम करीत. आखणीच्या कागदावर काढलेल्या नक्षीतला एकेक चौकोन वाचायचा आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर त्या जागी भोक पाडायचे किंवा नाही पाडायचे, एवढेच ते काम. परंतु एक चौकोन चुकला तर चादरीवरच्या मोराची मान मोडते. कार्डे एकमेकांना ओवून त्यांची माळ मागावर चढवली जाते. भोक असेल तेथे सुईला वाट मिळते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो, आणि मधून धोटा आडवा धागा घेऊन निघून जातो. दुपारी वडिलांना डबा पोहोचवायला मी जात असे, तेव्हा शेडच्या दारापासूनच मागांचा खडखडाट छातीत घुमू लागे.

त्या आवाजाची एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती, जी पुढे जार यांच्या संगीताची किल्ली ठरली. शेजारीशेजारी चालणारे दोन माग कधीही नेमके एका वेगाने चालत नाहीत. काही वेळ दोघांचे ठोके एकमेकांवर पडतात, मग एक किंचित पुढे सरकतो, दोघांच्या मधल्या फटीतून तिसराच एक ताल उमटू लागतो, तो तिसरा ताल कोणत्याच मागाचा नसतो, आणि काही मिनिटांनी दोघे पुन्हा एका ठोक्यावर येतात. ‘एकिनॉक्स’ची कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली, वादळाचा गडगडाट झाला आणि पाचव्या भागातली ती धावती स्वरमाला सुरू झाली, तेव्हा मी ज्या गावात वाढलो त्या गावाचा आवाज कोणीतरी परदेशात बसून सुरांत बांधला आहे असे मला वाटले. दोन आंदोलकांचे सूर जवळजवळ जुळलेले पण पूर्ण न जुळलेले असले की त्यांच्यात जी संथ थरथर निर्माण होते, तिच्यावर त्या काळच्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचे, म्हणजे विजेच्या आंदोलनांतून सूर काढणाऱ्या वाद्याचे, सारे सौंदर्य उभे आहे, हे तांत्रिक भाषेत मला फार उशिरा समजले. कानाला ते पहिल्या दिवशीच समजले होते.

जार यांचा जन्म २४ ऑगस्ट १९४८ रोजी ल्यों शहरात झाला, हे मी महाविद्यालयात असताना वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. ल्यों हे रेशीम विणकरांचे शहर. भोकांच्या कार्डांवर चालणारा माग ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जोसेफ मारी जॅकार याच शहरातले, आणि त्यांचा माग १८०४ सालचा. त्याच कार्डांची कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, म्हणजे संगणकाच्या वंशावळीत माझ्या वडिलांच्या हातातल्या पुठ्ठ्याला मानाचे स्थान आहे. जार यांनी सुरुवातीपासून वापरलेल्या ‘व्हीसीएस ३’ या ब्रिटिश सिंथेसायझरवर तारा जोडण्याऐवजी छोट्या खुंट्या खोचण्याची एक चौकट असते. कोणत्या चौकोनात खुंटी खोचली यावर कोणता आवाज कोठे जाणार हे ठरते. त्या यंत्राचे छायाचित्र मी वडिलांना दाखवले तेव्हा चष्मा वर करून ते म्हणाले, “हा तर आपला ग्राफच की.” त्यानंतर त्यांनीही ‘एकिनॉक्स’ लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली.

नव्या अल्बमचे नावच जुन्याला जोडलेले असल्यामुळे जुन्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘ऑक्सिजेन’ जार यांनी पॅरिसमधल्या राहत्या घरातल्या छोट्या स्टुडिओत, आठ ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित केला होता. एमिनेंट नावाच्या डच ऑर्गनचे तंतुवाद्यांसारखे स्वर त्यांनी गिटारवादकांच्या पायाखाली असणाऱ्या एका फेझर पेटीतून काढले आणि त्या स्वरांना ती वाऱ्यासारखी हेलकावणारी गती दिली. तालासाठी त्यांच्याकडे कॉर्ग कंपनीचे एक साधे यंत्र होते, ज्यात ठरावीक ताल बटणांवर भरलेले असतात; त्यांनी दोन बटणे एकाच वेळी दाबून ठेवून तिसरा ताल मिळवला. मागांच्या फटीतून ऐकू येणारा तिसरा ताल तो हाच, असे मी मानतो. दोन वर्षांनी आलेल्या ‘एकिनॉक्स’साठी मिशेल गाइस या तंत्रज्ञांनी त्यांना स्वतंत्र सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेली स्वरमाला आपोआप पुन्हा पुन्हा वाजवणारे यंत्र, बांधून दिला आणि त्यामुळे जार यांच्या संगीतात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वीण आली. त्या अल्बमचे आठ भाग आहेत, प्रत्येक बाजूला चार, आणि माणसाच्या सकाळपासून रात्रीपर्यंतच्या एका दिवसाची कल्पना त्यामागे आहे. पहिल्या बाजूला पाण्याच्या आणि वाऱ्याच्या आवाजांतून दिवस हळूहळू उघडतो. दुसऱ्या बाजूला पाचवा, सहावा आणि सातवा भाग एकाच अखंड धाग्याने चालतात. केव्हा एक संपला आणि दुसरा लागला हे सांगता येत नाही. आठव्या भागात पाऊस पडत असतो, त्या पावसात हाताने फिरवायची बाजाची पेटी वाजावी तशी एक साधी धून येते, आणि शेवटी पाचव्या भागातली तीच धावती चाल अगदी संथ, थकलेली होऊन परत येते. सकाळी घाईने कामावर निघालेला माणूस रात्री त्याच रस्त्याने घरी येताना जसा चालेल, तशी. सुलट बाजूची नक्षी उलट बाजूला रंग बदलून दिसते ती अशी.

आता नव्या अल्बमकडे येतो. मूळ ‘एकिनॉक्स’ला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने जार यांनी हा दुसरा भाग केला. यात दहा तुकडे आहेत, जार यांनी त्यांना ‘मूव्हमेंट’ असे क्रमांक दिले आहेत, आणि सारे मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास चालतात. कल्पना मुखपृष्ठावरून निघाली आहे. १९७८ च्या मुखपृष्ठावर चित्रकार मिशेल ग्रांजे यांनी एकासारख्या एक आकृत्यांच्या रांगा काढल्या होत्या. डोळ्यांना दुर्बिणी लावून त्या सगळ्या आपल्याकडे पाहत आहेत असे ते चित्र. कॅसेटच्या इवल्याशा कागदावरही ते चित्र मला लहानपणी अस्वस्थ करीत असे. हे टक लावून पाहणारे चाळीस वर्षांनी कोठे असतील, आपल्या हातातल्या यंत्रांत शिरून आपल्याकडून शिकत असतील का, असा प्रश्न जार यांनी नव्या अल्बमसाठी घेतला. यंत्रे शिकू लागली तर पुढे काय, याची दोन उत्तरे संभवतात, म्हणून अल्बमलाही दोन मुखपृष्ठे केली : एकात माणूस, निसर्ग आणि यंत्र सलोख्याने नांदत आहेत, दुसऱ्यात विनाश झाला आहे. ही कल्पना मला फार आवडली होती. यंत्रमागांच्या गावातल्या माणसाला, एका यंत्रामुळे किती हात रिकामे झाले आणि किती हातांना काम मिळाले याचा हिशेब घरोघर ठाऊक असलेल्या माणसाला, हा प्रश्न परका वाटण्याचे कारणच नाही. म्हणूनच माझी अपेक्षा मोठी होती.

पहिला तुकडा ‘द वॉचर्स’. खोल, सावकाश फुगत जाणारे स्वर, त्यामागे भव्य सभागृहाचा घुमारा. सुरुवात गंभीर आहे, आशा वाटायला लावणारी आहे, परंतु चित्रपटाच्या जाहिरातीला जसा घुमारा लावतात तसाच हा आहे, अशी शंका पहिल्या मिनिटातच मनात येते आणि पुढे ती जात नाही. पाठोपाठ येणाऱ्या ‘फ्लाइंग टोटेम्स’ची चाल उजळ आणि गोड आहे, ती दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणताही येते, मात्र दुसऱ्यांदा ऐकताना जेवढी कळली त्याहून अधिक ती दहाव्यांदा ऐकतानाही कळत नाही, कारण तिच्यात अधिक काही ठेवलेलेच नाही. स्वर एकमेकांवर रचले आहेत, प्रत्येक थर वेगळा ओळखू येतो, प्रत्येक थर आपापल्या वेळी चढतो आणि आपापल्या वेळी उतरतो, आणि या चढउतारात एका थराचा दुसऱ्यावर कसलाही परिणाम होत नाही.

तिसरा तुकडा ‘रोबॉट्स डोन्ट क्राय’ मात्र खरोखर चांगला आहे, आणि तो चांगला आहे म्हणूनच बाकीच्यांविषयीची खंत वाढते. ताल जुन्या पेटीतल्यासारखा साधा, किरकिरणारा. त्यावर कोरससारखे, जरा गंजलेले स्वर. आणि मधून एक अशी चाल जी प्रत्येक वेळी शेवटच्या सुरावर थोडी अडखळते. येथे जार घाई करीत नाहीत. पाच मिनिटांहून अधिक वेळ ते एकाच विचाराभोवती राहतात, त्याच्या बाजू पालटून दाखवतात, आणि यंत्र रडू शकत नाही हे शीर्षकातले दुःख शब्दांशिवाय ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते. हा एक तुकडा १९७८ च्या कॅसेटवर पावसाच्या आधी कोठेतरी वाजला असता तर मला तो परका वाटला नसता.

‘ऑल दॅट यू लीव्ह बिहाइंड’ संथ आहे आणि बरा आहे. ‘इफ द विंड कुड स्पीक’ इतका छोटा आहे की वारा बोलू लागण्याआधीच संपतो. माणसाच्या आवाजाचे असेच तुकडे करून त्यांचे सूर बनवण्याचे काम जार यांनी १९८४ च्या ‘झूलूक’ या अल्बममध्ये निरनिराळ्या भाषांतल्या उच्चारांतून किती खोलवर जाऊन केले होते, हे आठवले की हा तुकडा अधिकच अपुरा वाटतो.

खरी निराशा सहाव्या तुकड्यापाशी होते, आणि नेमके त्याचेच नाव अल्बमच्या नावातला ‘इन्फिनिटी’ हा शब्द आहे. ठोका नाचाच्या क्लबातला, चाल आनंदी, वरती चिरून उंच केलेल्या मानवी आवाजाची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते. कोणत्याही लग्नाच्या वरातीत, कोणत्याही मोटारीच्या जाहिरातीत तो सहज खपून जाईल. नाचण्याजोगे संगीत करण्यात काहीही कमीपणा नाही. सोलापूरच्या माणसाने तालाचे मोल कमी लेखू नये, लेझमीच्या एका खेळीत किती बारकावा असतो हे आम्ही लहानपणापासून पाहतो. माझा आक्षेप वेगळा आहे. लेझमीत पन्नास जण एकच पाऊल टाकतात तेव्हा त्या एका पावलात पन्नास पावलांचे बारीक बारीक फरक असतात आणि त्या फरकांमुळे खेळ जिवंत दिसतो. ‘इन्फिनिटी’त ठोका पडतो तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी, एकाच वजनाने, संगणकाच्या पडद्यावरच्या रेघेला चिकटून. ज्या अल्बमचा विषयच यंत्र आणि माणूस यांच्यातली सीमारेषा हा आहे, त्यात ही निर्जीवता मुद्दाम आणली आहे असे समजून घेण्याचाही मी प्रयत्न केला. परंतु मुद्दाम आणलेली निर्जीवता कानाला टोचली पाहिजे, तिची भीती वाटली पाहिजे. येथे ती फक्त सोयीची आहे.

‘मशीन्स आर लर्निंग’ या सातव्या तुकड्याकडून मला सर्वांत जास्त हवे होते. यंत्रे शिकत आहेत, तर शिकणे ऐकू यावे : आधी चूक, मग दुरुस्ती, मग पुन्हा निराळी चूक, आणि शेवटी कोणी न शिकवलेले काहीतरी. वडील नवी नक्षी मागावर चढवीत तेव्हा पहिले दोन हात कापड नेहमी बिघडलेले येई. ते कापड उजेडात धरून कोणते कार्ड चुकले हे शोधण्यात अर्धा दिवस जाई. शिकण्याचा आवाज तो असतो. या तुकड्यात यंत्राच्या बोलण्यासारखे तुटक आवाज आहेत, चपळ स्वरमाला आहे, आणि दोन मिनिटांच्या आसपास सारे आटोपते. ज्या प्रश्नासाठी अल्बम केला त्या प्रश्नाला एवढाच वेळ मिळावा हे मला समजत नाही.

‘द ओपनिंग’ मोठ्या मैदानासाठी लिहिलेला आहे आणि मैदानावर तो नक्कीच शोभेल. १९८६ मध्ये ह्यूस्टनच्या उंच इमारतींवर प्रकाशझोत टाकून आणि १९९७ मध्ये मॉस्कोत लाखोंच्या समुदायासमोर कार्यक्रम केलेल्या माणसाला मैदानाचे माप बरोबर कळते. ‘डोन्ट लुक बॅक’ ऐकून झाल्यावर लगेच विसरलो. शेवटचा, अल्बमचेच नाव असलेला तुकडा सात मिनिटांहून लांब आहे आणि येथे जुने जार पुन्हा दिसू लागतात. काळोखी बेस, थांबत थांबत पुढे जाणारी स्वरमाला, कोठे पोहोचायचे याची घाई नाही. चार मिनिटे मी श्वास रोखून ऐकले. पण जे सुरू झाले ते आता कोठेतरी वळेल, सुरुवातीच्या ‘वॉचर्स’चा सूर रंग बदलून परत येईल, दिवसाची रात्र होईल, अशी वाट पाहता पाहता तुकडा विरून गेला. काही ठिकाणी एका तुकड्याचा शेवट पुढच्यात मिसळतो, हे खरे. तरी दोन कापडांच्या कडा शिवून जोडणे आणि एकाच ताण्यावर दोन्ही विणणे यांतला फरक कानाला लपत नाही.

हे असे का झाले असावे याचा मी पुष्कळ विचार केला. एक कारण मला वेगात दिसते. ऑक्टोबर २०१५ ते नोव्हेंबर २०१८ या काळात जार यांचे चार नवे अल्बम आले : दोन भागांतला ‘इलेक्ट्रॉनिका’, ज्यात त्यांनी अनेक संगीतकारांबरोबर काम केले, मग ‘ऑक्सिजेन’ला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त त्याचा तिसरा भाग, आणि आता हा. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या कलावंताचा हा उत्साह पाहून आदर वाटतो. ‘इलेक्ट्रॉनिका’तल्या कितीतरी रचना मला मनापासून आवडतात, कारण तेथे समोर दुसरा माणूस होता आणि त्या दुसऱ्याशी जुळवून घेताना जार यांना स्वतःची सवय मोडावी लागली. ‘एकिनॉक्स इन्फिनिटी’त समोर दुसरे कोणी नाही. समोर आहे तो चाळीस वर्षांपूर्वीचा स्वतःचाच अल्बम, आणि त्याच्याशी झगडण्याऐवजी त्याचे मुखपृष्ठ तेवढे उचलले आहे.

दुसरे कारण साधनांतले आहे. आज संगणकात सर्व जुनी वाद्ये मिळतात आणि ती कधीही बेसूर होत नाहीत. जुन्या वाद्यांचे सूर खोली तापली की सरकत. वाजवणाऱ्याला ते सतत जुळवावे लागत, आणि त्या जुळवण्यात त्याचे ऐकणे जागे राही. मी जुन्या वाद्यांचा भाबडा भक्त नाही. जार स्वतः नव्या साधनांचा आयुष्यभर पुरस्कार करीत आले, पिएर शेफर यांच्या संशोधन गटात तरुणपणी घेतलेले शिक्षणच त्यांना ते सांगत होते : कोणताही ध्वनी संगीत होऊ शकतो, तो नीट ऐकला पाहिजे. नव्या साधनांनीही ‘रोबॉट्स डोन्ट क्राय’ होऊ शकते, हे त्यांनी याच अल्बममध्ये दाखवले आहे. मग उरलेल्या नऊ तुकड्यांत तेवढे ऐकणे का झाले नाही, हा माझा प्रश्न आहे.

माझा भाचा संगणक अभियंता आहे, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आला होता. त्याला मी पूर्ण अल्बम ऐकवला. तो म्हणाला, “मामा, चांगलं आहे की. गाडीत लावायला झकास आहे.” त्याचे म्हणणे मी बाजूला सारत नाही. पंढरपूर रस्त्याला रात्री गाडी चालवताना मीही हा अल्बम लावून पाहिला आणि तेथे तो खरोखर चांगला सोबती आहे. ध्वनिमुद्रण अत्यंत स्वच्छ आहे, प्रत्येक आवाज काचेसारखा लखलखीत आहे, आणि ज्यांनी जार यांचे काहीच ऐकलेले नाही त्यांना हा अल्बम सुखद वाटेल यात मला शंका नाही.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागांच्या शेडमध्ये काढलेल्या वर्षांनी त्यांच्या कानांतले वरचे सूर कधीच नेले. पक्ष्यांचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, फोनची घंटा ऐकू येत नाही, खालचे सूर मात्र येतात, आणि जे ऐकू येत नाही ते ते स्पीकरच्या लाकडावर हात ठेवून ओळखतात. एका संध्याकाळी मी त्यांना ‘इन्फिनिटी’ लावून दिला, त्यापाठोपाठ जुन्या ‘एकिनॉक्स’चा पाचवा भाग लावला. कोणता नवा, कोणता जुना हे सांगितले नव्हते. पहिला चालू असताना ते थोडा वेळ हात ठेवून बसले आणि म्हणाले, “एकच माग चाललाय.” दुसरा लागला तेव्हा काहीच बोलले नाहीत, हातही काढला नाही, आठव्या भागातला पाऊस संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

ज्यांना हा अल्बम घ्यायचा आहे त्यांच्यासाठी माझे मत असे आहे. मूळ ‘एकिनॉक्स’ ऐकलेला नसेल तर आधी तो ऐकावा, एका बैठकीत, मध्ये न थांबता. नव्या अल्बममधला तिसरा तुकडा नक्की ऐकावा, आणि वेळ असेल तर दहावा. रेकॉर्डची तबकडी केवळ मुखपृष्ठासाठी घेण्याजोगी आहे. विनाशाचे चित्र असलेली मला जास्त प्रभावी वाटली. मी स्वतः सलोख्याच्या चित्राची तबकडी मागवली आहे, कारण वडिलांना ते आवडले. जार यांचा पुढचा अल्बम येईल तेव्हा तोही मी पहिल्याच दिवशी घेणार आहे.